कोरड्या विहिरींचाही हिशेब मांडला जावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई हायच्या तेलसाठ्याविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेला लेख मी दोनदा वाचला. तो आस्थेने लिहिलेला होता आणि नव्या पिढीला या विषयाची ओळख करून देणारा होता, याबद्दल आपले आभार मानतो. त्यातील एक वाक्य मात्र मनाला लागून राहिले. १९७४ साली 'सागर सम्राट' या समुद्रात खोदाई करणाऱ्या रिगने मुंबईच्या समुद्रात पहिली विहीर खोदली आणि पहिल्याच प्रयत्नात देशाला तेल मिळाले, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. ते चुकीचे नाही. मुंबई हायवरची पहिली विहीर खरोखरच तेलाची निघाली. परंतु गोष्ट अशी सांगितली की त्याआधीची वीस वर्षे वाचकाच्या नजरेआड होतात आणि तेल सापडणे म्हणजे दैवाने दिलेला कौल असावा, असा समज पक्का होतो. हा समज आजच्या धोरणचर्चेतही डोकावतो, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मी पेशाने भूवैज्ञानिक. उमेदीची काही वर्षे विहिरीच्या तोंडाशी बसून खालून येणारे खडकाचे तुकडे तपासण्यात गेली. त्या कामात जे एक सत्य अंगी मुरले, ते असे की तेलाच्या शोधात कोरडी विहीर, म्हणजे तेल न निघालेली विहीर, हा अपघात नसतो, तो नित्याचा अनुभव असतो; आणि कोरड्या विहिरीतून जी माहिती हाती येते, तिच्याच आधारावर पुढची विहीर कोठे घ्यायची हे ठरते. ज्या देशाने कोरड्या विहिरींचा खर्च सोसण्याचे धैर्य दाखवले, त्या देशालाच तेल मिळाले. आपल्या देशाने ते धैर्य एकेकाळी दाखवले होते, आणि मुंबई हाय हे त्याचे फळ आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतातील तेल म्हणजे आसाम, एवढेच समीकरण होते. दिग्बोईला १८८९ मध्ये तेल लागले आणि १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. त्यानंतर अर्धे शतक उलटले तरी आसामबाहेर व्यापारी प्रमाणात तेल कोठेही सापडले नव्हते. आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. ट्रॉम्बे येथे १९५४ आणि १९५५ मध्ये दोन परदेशी कंपन्यांचे शुद्धीकरण कारखाने सुरू झाले, आणि पुढची सुमारे दोन दशके त्या कारखान्यांत मुख्यतः बाहेरून जहाजाने आलेले तेल शुद्ध होत राहिले. त्या कारखान्यांच्या धुरांड्यांवरून पश्चिमेला जो समुद्र दिसतो, त्याच्या तळाखाली तेल असेल असे त्या वेळी कोणी बोलून दाखवले असते, तर त्याच्याकडे फारसे लक्ष दिले गेले नसते.

आसामबाहेर भारतात तेल मिळण्याची शक्यता फार थोडी आहे, असे मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांच्या जाणकारांचे मत होते, आणि ते मत अगदीच निराधार होते असेही नाही. बंगालमध्ये सरकार आणि स्टॅन्व्हॅक ही अमेरिकी कंपनी यांच्या भागीदारीत १९५४ ते १९६० या काळात दहा विहिरी खोदल्या गेल्या. दहाही कोरड्या निघाल्या आणि तो प्रकल्प गुंडाळला गेला. व्यापारी कंपनीच्या दृष्टीने हा निर्णय रास्तच म्हणावा लागेल. पण देशाचा निर्णय कंपनीच्या ताळेबंदावर ठरवायचा नसतो, हे ज्यांनी ओळखले त्यांत केंद्र सरकारातील मंत्री केशवदेव मालवीय यांचे नाव अग्रभागी घ्यायला हवे. त्यांच्या आग्रहातून आणि पंडित नेहरूंच्या पाठिंब्याने १९५५ मध्ये तेल व नैसर्गिक वायू संचालनालय स्थापन झाले, १९५६ मध्ये त्याचा आयोग (आजची ओएनजीसी) झाला आणि १९५९ मध्ये संसदेच्या कायद्याने त्या आयोगाला वैधानिक रूप मिळाले. त्याच १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने खनिज तेलाचा भावी विकास सरकारी क्षेत्राकडे सोपवला. कालिनिन यांच्या नेतृत्वाखालील रशियन तज्ज्ञांनी देशाच्या गाळाच्या खोऱ्यांचा अभ्यास करून गुजरातेतील खंबातच्या परिसराविषयी जो आशावाद व्यक्त केला, तो मालवीयांना फार मोलाचा वाटला.

नव्या आयोगाने खोदाईला हात घातला तो हिमाचलातील ज्वालामुखी येथे, १९५७ मध्ये. जमिनीतून आपोआप पेट घेणाऱ्या वायूमुळे तीर्थक्षेत्र झालेल्या या जागी तेल असावे, हा तर्क स्वाभाविक होता. वायूचे अस्तित्व दिसले. व्यापारी उत्पादन मात्र हाती आले नाही. म्हणजे आयोगाची पहिली विहीर व्यवहाराच्या भाषेत अपयशी ठरली. त्या वेळी संसदेत आणि वृत्तपत्रांत जर "पहिल्या विहिरीचे काय झाले?" या एका प्रश्नावर आयोगाचे भवितव्य ठरले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, खंबातजवळ लुणेज येथे तेल व वायू सापडले, आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला मोठे क्षेत्र हाती लागले. अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीला नेहरूंनी 'वसुधारा' असे नाव दिले. तेच नाव पुढे वांद्र्यातील आयोगाच्या इमारतीला मिळाले. तिच्या समोरून रोज हजारो लोक जातात आणि त्यांतील फार थोड्यांना ते नाव कोठून आले हे माहीत असते. गुजरातेतील कोयलीचा शुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू होण्यापूर्वी अंकलेश्वरचे तेल रेल्वेच्या टाक्यांतून ट्रॉम्बेला येत असे. महाराष्ट्राचा देशी तेलाशी संबंध जुळला तो असा, समुद्राच्याही आधी, रेल्वेच्या रुळांवरून.

खंबातच्या खोऱ्यातील खडकांचे थर किनाऱ्यावर थांबत नाहीत, ते दक्षिणेकडे समुद्राखाली शिरतात, ही गोष्ट भूवैज्ञानिकांच्या लक्षात आलीच होती. त्या धाग्याचा मागोवा घेत १९६४ पासून 'अकादेमिक आर्खांगेल्स्की' या रशियन जहाजावरून भारतीय आणि रशियन शास्त्रज्ञांनी खंबातच्या आखातात आणि त्याच्या दक्षिणेस भूकंपीय सर्वेक्षण केले. ध्वनिलहरी पाण्यातून तळाकडे सोडायच्या, खडकांच्या निरनिराळ्या थरांवरून त्या परत येण्यास किती वेळ लागतो ते मोजायचे आणि त्या वेळांवरून खालच्या रचनेचा नकाशा काढायचा, असे हे काम. आज संगणकावर ते काही तासांत होते. त्या काळी कागदाच्या लांबलचक पट्ट्यांवरील रेषा डोळ्यांनी वाचून, हाताने जुळवून तो नकाशा तयार होत असे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, जेथे पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे, तेथे समुद्रतळाखाली सुमारे ७५ किलोमीटर लांब आणि २५ किलोमीटर रुंद असा एक प्रचंड उंचवटा असल्याचे त्या नकाशांनी दाखवले. 'बॉम्बे हाय' या नावातला 'हाय' तो हाच. हा शब्द भरसमुद्राशी किंवा लाटांशी संबंधित असावा असे अनेकांना वाटते, म्हणून मुद्दाम सांगतो: तो गाडल्या गेलेल्या खडकांच्या उंचवट्याचा निर्देश करतो. तेल आणि वायू पाण्याहून हलके असल्यामुळे सच्छिद्र खडकातून वर सरकत अशा उंचवट्याच्या माथ्याशी गोळा होतात, आणि वर अभेद्य थराचे झाकण असेल तर तेथेच अडकून राहतात. येथे असा सच्छिद्र खडक म्हणजे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साचलेला चुनखडक होता.

म्हणजे उंचवटा ठाऊक झाला साठच्या दशकाच्या मध्यावर आणि त्यावर पहिली विहीर घेतली गेली १९७४ मध्ये. मधली आठ-दहा वर्षे कोठे गेली? भर समुद्रात खोदाई करू शकेल अशी रिग आपल्याकडे नव्हती, ती विकत घेण्यासाठी लागणारे परकीय चलन नव्हते, आणि ते काम करण्याचा अनुभवही कोणाला नव्हता. आयोगाने तरीही समुद्राचे पहिले पाऊल टाकले ते खंबातच्या आखातातील अलियाबेट येथे. १९ मार्च १९७० रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्या विहिरीच्या कामाचा आरंभ झाला. अलियाबेटने देशाच्या तेलउत्पादनात मोलाची भर घातली नाही, म्हणून आज तिची आठवण कोणी काढत नाही. मला मात्र ती विहीर महत्त्वाची वाटते, कारण भरती-ओहोटीच्या तीव्र प्रवाहात खोदाई कशी करायची, याचे पहिले धडे आपल्या माणसांनी तेथे घेतले.

त्यानंतर जपानमधील मित्सुबिशीच्या कारखान्यात 'सागर सम्राट' ही जॅक-अप रिग बांधली गेली आणि १९७३ मध्ये ती भारतात आली. जॅक-अप म्हणजे पाय असलेले तरंगते बेट: जागेवर पोचल्यावर पाय खाली सोडून समुद्रतळावर टेकवायचे आणि मग सगळा तराफा लाटांच्या वर उचलून घ्यायचा. ३१ जानेवारी १९७४ रोजी मुंबई हायवरच्या पहिल्या विहिरीची खोदाई सुरू झाली आणि फेब्रुवारीत तेल लागले. तो काळ आठवावा. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या जवळ गेला होता आणि आयातीचे बिल भागवायचे कसे, या विवंचनेत देश होता. त्या दिवसांत आलेल्या या बातमीने लोकांना किती धीर दिला असेल, हे आज शब्दांत सांगणे कठीण आहे. एक रुपयाच्या नोटेच्या मागील बाजूवर 'सागर सम्राट'चे चित्र छापले गेले, यावरून थोडी कल्पना यावी.

तेल 'लागले' हा शब्द आपण सहज वापरतो. प्रत्यक्षात ते कसे कळते, हे थोडे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. विहिरीतून तेलाचा फवारा उडतो आणि माणसे त्यात न्हाऊन निघतात, हे चित्रातले दृश्य आहे. चांगल्या खोदाईत तसे कधीच घडू नये. पोकळ नळ्यांच्या टोकाला दातेरी बिट असते. ते फिरत खडक फोडत जाते, आणि नळ्यांच्या पोकळीतून मड म्हणजे ठरावीक घनतेचा, मातीचा व रसायनांचा कालवलेला द्रव खाली सोडला जातो. हा मड बिट थंड ठेवतो, खडकाचे तुकडे वर आणतो, आणि मुख्य म्हणजे आपल्या वजनाने खालच्या वायूचा व तेलाचा दाब दाबून धरतो. बिटने फोडलेला तुकडा हजार-बाराशे मीटरवरून वर यायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून हातात आलेला तुकडा नेमक्या कोणत्या खोलीचा, याचा हिशेब सतत ठेवावा लागतो. चाळणीवर आलेले तुकडे धुवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, मग अंधाऱ्या खोक्यात अतिनील दिव्याखाली धरायचे. तेल असेल तर तुकड्यावर चमक दिसते. जड तेलाची तपकिरी-नारिंगी, हलक्या तेलाची निळसर पांढरी. पण नुसत्या चमकेवर विश्वास ठेवून चालत नाही, कारण चुनखडकातील काही खनिजेही चमकतात आणि नळ्यांच्या आट्यांना लावलेले वंगणही चमकते. म्हणून तो तुकडा द्रावकात टाकून पाहायचा: खरे तेल असेल तर त्यातून दुधी रंगाची धार हळूहळू द्रावकात उतरते. पहाटे तीन वाजता, रिगच्या अखंड गडगडाटात, त्या एवढ्याशा काचेच्या थाळीत ती धार उतरताना पाहणे हा माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठा आनंद आहे. आणि बहुतेक रात्री ती धार उतरत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. तसे झाले तरी नोंद तेवढ्याच काळजीने करायची असते: अमुक खोलीवर चुनखडक, फिकट राखाडी, छिद्रे बेताची, चमक नाही. हीच नोंद वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडते.

मुंबई हायमधून उत्पादन सुरू झाले २१ मे १९७६ रोजी, म्हणजे शोध लागल्यानंतर जेमतेम सव्वादोन वर्षांत. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने समुद्रात प्लॅटफॉर्म उभारणे किंवा नळ टाकणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे वर्षातील आठच महिने कामाचे. हे लक्षात घेतले तर तो वेग थक्क करणारा आहे. सुरुवातीला तेल भर समुद्रातच जहाजांत भरले जाई. पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत तेलाची व वायूची नळवाहिनी आली. आजूबाजूला आणखी क्षेत्रे सापडत गेली: वसईच्या नावाचे वायूक्षेत्र, आणि मग पन्ना, हीरा, रत्ना, मुक्ता, नीलम. या रत्नांच्या नावांत त्या दिवसांचा उत्साह आजही जाणवतो. किनाऱ्यावर या वायूने रायगड जिल्ह्याचा चेहरा बदलून टाकला. उरणचे वायूवर चालणारे वीजकेंद्र, थळचा खतकारखाना, उसरचा एलपीजी प्रकल्प, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, आणि पुढे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसमार्फत मुंबईच्या स्वयंपाकघरांत आलेला नळाचा वायू, हे सारे त्या एका उंचवट्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या पोटातून आलेले आहे. या प्रकल्पांसाठी कोणाच्या जमिनी गेल्या आणि त्यांना काय मिळाले, हा वेगळ्या आणि मोठ्या पत्राचा विषय आहे. तो येथे उरकून टाकणे त्या कुटुंबांवर अन्याय ठरेल.

आता जे लिहितो, ते लिहिताना मला वाईट वाटते. शोधताना जो धीर आपण दाखवला, तो उपसताना दाखवला नाही. १९७९ च्या दुसऱ्या तेलसंकटानंतर आणि त्याच सुमारास आसामचा पुरवठा आंदोलनामुळे विस्कळीत झाल्यामुळे मुंबई हायवर सगळी भिस्त आली. देशाच्या समुद्रातील तेलउत्पादन १९८०-८१ मध्ये वर्षाला सुमारे ५० लाख टन होते, ते १९८४-८५ पर्यंत सुमारे २ कोटी टनांवर नेले गेले, आणि देशाच्या गरजेचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग देशातच भागू लागला. त्या यशाचे श्रेय नाकारण्याचा प्रश्नच नाही. परंतु तेलाचा साठा ही टाकी नव्हे. चुनखडकाच्या छिद्रांत तेल असते, त्याच्या माथ्यावर वायू असतो, खाली पाणी असते आणि या तिघांचा मिळून एक दाब असतो. तो दाबच तेलाला विहिरीकडे ढकलतो. उपसा त्या दाबाला न झेपणाऱ्या वेगाने केला, की तेलात विरघळलेला वायू वेगळा होतो, वायू पुढे धावतो आणि घट्ट झालेले तेल मागे खडकातच अडकते. दाब टिकवण्यासाठी विहिरींतून पाणी आत सोडण्याचे काम १९८४ मध्ये सुरू झाले. तोवर उत्पादन जवळजवळ शिखरावर पोचले होते. पुढे अनेक विहिरींत तेलापेक्षा वायूच अधिक येऊ लागला आणि काही विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. देशाचे एकूण तेलउत्पादन १९८९-९० मध्ये सुमारे ३.४ कोटी टन होते, ते १९९२-९३ मध्ये सुमारे २.७ कोटी टनांवर आले. या घसरणीला आसाममधील अशांततेचाही हातभार होता हे मान्य करूनही, मोठा वाटा समुद्रातील घसरणीचा होता. आखाती युद्ध आणि १९९१ चे परकीय चलनाचे संकट नेमके याच वेळी देशावर कोसळले. सोने गहाण ठेवावे लागले ते सर्वांच्या लक्षात आहे. त्याच वर्षांत आपल्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्राचा दाब उतरत होता, ही गोष्ट कोणी फारशी बोलत नाही.

वायूच्या बाबतीत तर हळहळ अधिकच वाटते. तेलाबरोबर निघणारा वायू किनाऱ्यावर आणायला पुरेशा नळवाहिन्या आणि कॉम्प्रेसर वेळेवर तयार नव्हते, म्हणून तो प्लॅटफॉर्मवरच जाळला जाई. १९९०-९१ मध्ये देशात निघालेल्या एकूण नैसर्गिक वायूपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक वायू असा जळून गेला. रात्रीच्या अंधारात त्या ज्वाला दूरवरून फार देखण्या दिसत. मला त्या पाहून कधीही आनंद झाला नाही.

या इतिहासात माणसांनी मोजलेली किंमतही आहे. १९८२ मध्ये 'सागर विकास' या रिगवर विहिरीचा ताबा सुटून ब्लोआउट झाला. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुरात बुडालेली असताना, प्लॅटफॉर्मच्या कामासाठी असलेले एक जहाज मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर आदळले आणि लागलेल्या आगीत २२ जणांचे प्राण गेले. दुर्घटनांच्या बातम्या चार दिवस येतात. १४ दिवस समुद्रात आणि १४ दिवस घरी अशा पाळ्यांत आयुष्य काढणाऱ्या कामगारांची नोंद मात्र कोठेच सलग सापडत नाही. आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची? प्लॅटफॉर्मभोवतीचा पट्टा त्यांना निषिद्ध झाला, सर्वेक्षणाची जहाजे आली की जाळी काढून घ्यावी लागली. पालघरपासून रायगडपर्यंतच्या त्यांच्या संघटना वर्षानुवर्षे हे सांगत आल्या आहेत. तेलाच्या शोधाचा इतिहास लिहिताना त्यांचे म्हणणे तक्रार म्हणून तळटीपेत न टाकता मूळ मजकुरात यायला हवे.

मूळ मुद्द्याकडे येतो. बंगालमधील ज्या दहा कोरड्या विहिरींचा वर उल्लेख केला, त्यांची पुढची गोष्ट आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. दहा अपयशांनंतरही त्या खोऱ्यात शोध पूर्णपणे थांबला नाही. आधीच्या विहिरींनी दाखवलेले थर, खोली आणि खडकांचे गुणधर्म नव्या सर्वेक्षणांशी ताडून पाहिले गेले, आणि उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यातील अशोकनगर येथे तेल मिळाले. डिसेंबर २०२० मध्ये ते क्षेत्र राष्ट्राला अर्पण करण्यात आले. १९६० ते २०२० अशी ६० वर्षे. त्या दहा विहिरींचा खर्च वाया गेला, असे आता कोण म्हणेल?

आपल्याकडे मुंबई हाय आणि त्याच्या शेजारची क्षेत्रे सोडली, तर कोकणापासून केरळपर्यंतच्या समुद्रातील विहिरींनी आजवर व्यापारी उत्पादन दिलेले नाही. महाराष्ट्राच्या जमिनीबद्दल तर नेहमी विचारले जाते की येथे तेल का नाही. त्याचे उत्तर आपल्या पायाखालीच आहे: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने राज्याचा बहुतांश भाग झाकून टाकला आहे, आणि या काळ्या कठीण खडकाखाली काय आहे ते ध्वनिलहरींनाही नीट वाचता येत नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तेथे जे खोल भोक घेतले गेले, त्यात सुमारे ३४० मीटर बेसाल्ट आणि त्याखाली गाळाच्या खडकाचा अगदी पातळ थर ओलांडताच ग्रॅनाइट लागला. ते भोक तेलासाठी नव्हते, तरीही त्याने तेलाच्या शोधाला एक उत्तर देऊन टाकले. दुसऱ्या ठिकाणी चित्र वेगळे असू शकेल. ते भोक घेतल्याशिवाय कळणार नाही.

आज आपण आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. यावर चर्चा होते तेव्हा एखाद्या विहिरीत तेल मिळाले नाही की "इतके कोटी पाण्यात" असे मथळे येतात. आपल्या दैनिकातही ते आले आहेत, हे आदरपूर्वक निदर्शनास आणतो. खर्चाची चौकशी जरूर व्हावी. विहीर चुकीच्या जागी घेतली गेली का, आधीची माहिती वाचली गेली होती का, हे प्रश्न कठोरपणे विचारले जावेत. पण विहीर कोरडी निघाली, एवढ्यावरून काम करणाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर पुढची विहीर घेण्याचे धाडस कोणी करणार नाही, आणि जुन्याच क्षेत्रांतून शेवटचा थेंब पिळून काढण्याचा सोपा मार्ग धरला जाईल. तसे एकदा घडून गेले आहे आणि त्याचे परिणाम वर सांगितले आहेत.

यासाठी माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली सरकारला: २०१७ पासून 'नॅशनल डेटा रिपॉझिटरी' नावाचे जे माहितीभांडार उपलब्ध झाले आहे, ते प्रामुख्याने बोली लावणाऱ्या कंपन्यांच्या कामाचे आहे. पश्चिम समुद्रात आजवर खोदल्या गेलेल्या प्रत्येक शोधविहिरीचे, कोरड्या विहिरींसह, साधे विवरण मराठीत प्रसिद्ध व्हावे: जागा, वर्ष, खोली, काय अपेक्षित होते आणि काय निघाले. महाविद्यालयातील विद्यार्थ्याला वाचता येईल एवढे ते सोपे असावे. दुसरी विनंती विद्यापीठांच्या भूविज्ञान विभागांना: सत्तर-ऐंशीच्या दशकांत रिगवर, जहाजांवर, उरणच्या प्रकल्पात आणि न्हावाच्या पुरवठातळावर काम केलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ड्रिलर, डेरिकवर म्हणजे खोदाईच्या मनोऱ्यावर चढणारे कामगार, क्रेनचालक, पाणबुडे, वैमानिक, रिगवरचे आचारी, यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम याच वर्षी हाती घ्यावे. माझ्या बरोबरीचे कितीतरी सहकारी सांगण्यासारखे खूप काही घेऊन निघून गेले.

तिसरी विनंती आपल्याला. 'सागर सम्राट'ने आपल्या हयातीत सुमारे सव्वाशे विहिरी खोदल्या आणि चौदा महत्त्वाच्या शोधांत तिचा सहभाग होता, असे सांगितले जाते; आता तिचे रूपांतर समुद्रात एका जागेवरून दुसरीकडे हलवता येणाऱ्या उत्पादन केंद्रात झाले असून डिसेंबर २०२२ पासून ती पुन्हा कामाला लागली आहे. चौदा शोधांविषयी आपण लिहिलेतच. उरलेल्या विहिरींविषयीही एक लेखमाला छापावी. तिच्यासाठी मजजवळची जुनी टिपणे आणि खडकांची वर्णने मी आनंदाने उपलब्ध करून देईन. त्या टिपणांची पेटी अजून माझ्या माळ्यावर आहे आणि तिच्यातील बहुतेक पानांवर 'चमक नाही' असेच लिहिलेले आहे.

आपला,
एक निवृत्त भूवैज्ञानिक
उरण, जि. रायगड